पहिले येते ते मनातलं

“अकरा,” वेणू म्हणाली आणि तिनं वहीत आकडा लिहिला.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत विचारलं, “बाकीच्याइचे किती?”

“दादाचे दोन. तुमचे तीन.”

“अन् हिचे अकरा.”

“त्या एका शब्दाले अकरा, बाबा. बाकी शब्दांले दोन-तीनच.”

“त्या एका शब्दासाठीच तर बसलो आपण.” मामाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मुलाला म्हणाले, “खाप्याले निरोप पाठव. म्हणा, भावानं यावं अन् बहिणीले घेऊन जावं.”

दाराला आतून कडी होती. खोलीत आम्ही चौघंच होतो : मामाजी, माझा नवरा, माझी नणंद वेणू आणि मी. नवरा मागाच्या खांबाला टेकून उभा होता आणि आपल्या पायाचा अंगठा पाहत होता. मी पदर ओढून भिंतीशी बसले होते. मी एकवीस वर्षांची होते, लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अशी बाई घरी परत पाठवली की पुन्हा कोणी तिला बोलवायला जात नाही. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ही गोष्ट नागपूरची, मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची. आम्ही विणकर. मामाजींच्या घरी दोन माग होते आणि एक काठ होता. काठ म्हणजे लुगड्याचा काठ. तो त्यांच्या वडिलांनी बसवला होता. त्याच्या मोजणीचं, म्हणजे धोट्याच्या कोणत्या फेरीला कोणते धागे उचलायचे याचं, कुठेही लिखाण नव्हतं. ती मोजणी तिघांनाच ठाऊक होती. मामाजींना, त्यांच्या मुलाला आणि धागे उचलायला बाजूला बसते म्हणून मला. त्या काठाला चंद्रकोर म्हणत. एका शुक्रवारी मामाजींना इतवारीच्या बाजारात एका दुकानात तोच काठ दिसला, आणि लुगडं आमचं नव्हतं. दुकानदार म्हणाला, खाप्याचा माल आहे. माझं माहेर खापा. माझे दोघे भाऊ विणकर. मामाजी घरी आले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेणूला बोलावलं. “तू म्हणत होतीस ना, मनातलं लपलेलं काढता येते म्हणून? काढ.”

वेणूबद्दल सांगायला हवं. तिच्याबद्दल सांगायलाच मी बसले आहे.

मी तिला तोंडावर वेणूबाई म्हणत असे. मनात काय म्हणत असे ते लिहीत नाही. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, उंच, हाडं दिसणारी पोर. तिला काही हातात दिलं तर ती वस्तूकडे न पाहता तुमच्या तोंडाकडे पाही. पाण्याचा तांब्या असो की सुताची कांडी असो. अशानं तांब्या दोनदा पडला होता. आमच्या वस्तीतली कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. लोकांना वाटे, मामाजी सुधारक आहेत. तसं काही नव्हतं. सुताच्या गठ्ठ्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असे, आणि बारीक म्हणून जाडं सूत त्यांच्या गळ्यात मारलं जाई. ते वाचायला घरचं माणूस हवं, म्हणून तिला शाळेत घातलं. ती हुशार निघाली आणि थांबेना. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तिनं मानसशास्त्र घेतलं, तेव्हा मामाजींनी विचारलं होतं, “त्यात सुताचं काही आहे का?” ती म्हणाली, “मनाचं आहे.” मामाजी म्हणाले, “मन वाचून गठ्ठा बांधणाऱ्याची लबाडी समजत असेल तर शीक.”

ते शिकायला लागल्यापासून घरात कोणाला सुखानं गप्प बसता येईना. भाकरी थापताना मी जरा थांबले की लगेच, “काहून थांबली वं वहिनी? आता मनात काय आलं?”

“काही नाही आलं.”

“आलं. पहिले येते ते मनातलं. मागून येते ते बनवलेलं. पहिलं सांग.”

“पहिलं हे आलं, की तुम्ही इथून उठाल तर भाकर करपणार नाही.”

ते ती हसत हसत लिहून घेई. तिला राग येत नसे, आणि याचाच मला जास्त संशय येई. ज्याला राग येत नाही तो काहीतरी साठवून ठेवतो, असं मी तेव्हा समजत होते. अजूनही बरंचसं तसंच समजते.

एकदा तिनं लाल रेशमाची कांडी माझ्या डोळ्यांपुढे धरली. म्हणाली, “हिच्याकडे टक लावून पाह्य. पापणी हलवू नको. आता भिंतीकडे पाह्य.” चुन्याच्या भिंतीवर हिरवी कांडी दिसली. मी भिंतीला हात लावून पाहिला, तिथं काही नव्हतं. “ही भिंतीवर नाही, तुझ्या डोळ्यात आहे,” ती म्हणाली. मला ते आवडलं नाही. माझ्या डोळ्यात काय आहे ते मला न विचारता तिला आधीच ठाऊक होतं.

परीक्षेसाठी ती बिनअर्थाचे शब्द पाठ करी. डप, किव, मुझ, टोझ, गस. माणसाला किती आठवतं ते मोजायला असे शब्द लागतात म्हणे. अंगणात येरझाऱ्या घालत मोठ्यानं म्हणायची. शेजारची सगुणाबाई भिंतीवरून वाकून मला म्हणाली, “तुमची पोरगी मंतर पाठ करून राहिली वं. कोणावर?” मी म्हटलं, “माहीत नाही.” सगुणाबाईनं त्या दिवशीच आपल्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची टांगली. वेणूनं ती पाहिली आणि वहीत लिहिली.

ती वही मी उघडली होती. खोटं कशाला बोलू. ती कॉलेजात गेली असताना उघडली. मी खाप्याला चौथीपर्यंत शिकले आहे. वहीतलं बहुतेक इंग्रजी होतं, पण जागोजागी मराठीत ‘व.’ लिहिलं होतं आणि पुढे आकडे. व. म्हणजे वहिनी, एवढं कळायला चौथी पुरते. पानामागून पान मीच. संध्याकाळी मी सरळ विचारलं, “माझ्यावर वही काहून ठेवली?”

तिला लाज वाटली नाही. “ज्याच्यावर प्रयोग करतात त्याले पात्र म्हणतात. घरात तूच एक पात्र आहे. बाबा बसत नाहीत, दादा हसते.”

“पात्र म्हणजे भांडं. मी भांडं?”

“तसलं पात्र नाही वं!” तिला इतकं हसू आलं की ती मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसली.

मी हसले नाही. मला एकच गोष्ट दिसत होती. खोलीला खिडकी एक होती. तिच्या उजेडात माझा रहाट होता, कांड्या भरायला. तिचं टेबल अंधाऱ्या बाजूला होतं आणि ती दर दोन दिवसांनी म्हणायची, “वहिनी, मले थोडं तिकडे सरकू दे ना.” मी सरकत नसे. बारीक सूत तुटलं तर मला दिसलं पाहिजे. म्हणून शनिवारी दाराला कडी लागली आणि ती वही घेऊन माझ्यासमोर बसली, तेव्हा माझ्या मनात पहिलं जे आलं ते हेच : हिला खिडकी हवी आहे.

मामाजींनी पेटीतून आपलं साखळीचं घड्याळ काढून दिलं. त्यात सेकंदाचा काटा वेगळा होता. “आधी माझं घे. मीबी घरातलाच.” मग मुलाचं, मग माझं. नियम असा की ती शब्द म्हणेल आणि ऐकणाऱ्यानं मनात येईल तो पहिला शब्द म्हणायचा. ज्याच्या मनात चोरी आहे तो चोरीच्या शब्दापाशी अडकतो, असं पुस्तकात होतं. तिनं यादीत साधे शब्द घातले होते आणि मधूनच एखादा कामाचा.

“पाणी.” “विहीर.”

“रहाट.” “सूत.”

“गाय.” “शिंगं.”

“खापा.” “माय.”

“चंद्रकोर.”

आणि मी अडकले.

काटा फिरत होता, मला ऐकू येत होता. मग मी म्हटलं, “काही नाही.” तोपर्यंत अकरा झाले होते.

आता का ते सांगते. माझ्या नवऱ्याच्या नावात चंद्र होता. पूर्ण नाव मी इथंही लिहीत नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि नावासारखा शब्दही तोंडात येऊ देत नसे. लग्न झाल्यापासून मी चांदण्याला उजेड म्हणे आणि त्या काठाला ‘आपला काठ’. तो शब्द कानावर पडला की पहिल्यानं येई ते नाव, आणि तेच तर बाहेर काढायचं नसे. वेणूच्या नियमाप्रमाणे मला ते नावच म्हणायला हवं होतं, सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर. मी ते गिळलं आणि दुसरं काही शोधू लागले. शोधता शोधता अकरा सेकंद गेले.

हे त्या खोलीत कोणाच्या ध्यानात यायला हवं होतं? सासूबाई असत्या तर त्यांच्या आलं असतं. पण त्या माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. वेणूचं लग्न झालं नव्हतं. तिला तो नुसता दादा होता, त्याचं नाव ती दिवसातून दहादा घेई. आणि मी सांगावं, तर सांगणार कसं? मी का अडकले हे सांगायचं तर नावच घ्यावं लागणार. शिवाय मी चार वर्षांत सासऱ्यांशी तोंड वर करून एक वाक्य बोलले नव्हते. पहिलं वाक्य ते असावं?

निरोप गेला. भाऊ बैलगाडीनं येणार, त्याला दोन दिवस लागणार. मी रहाटावर बसून कांड्या भरत राहिले. कोणी नको म्हटलं नाही. काम तर हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. सगुणाबाईचा नातू भिंतीवर बसून रडत होता. ऊन पडलं होतं तरी आभाळात पांढरा तुकडा दिसत होता. त्याला गप्प करायला मी म्हटलं, “तो पाहा, वरचा मामा. अजून घरी नाही गेला.”

वेणू दगडावर तोंड धूत होती. म्हणाली, “चांदोमामा म्हणतात वं. वरचा मामा काय?”

मी राखेनं घासत राहिले.

“वहिनी.” तिनं तोंड पुसलंच नाही. “चांदण्याले तू काय म्हणते?”

“उजेड.”

“अन् चंदनाले?”

“देवाचं खोड.”

“अन् तो काठ? तुझ्या तोंडून त्याचं नाव मी कधी ऐकलंच नाही. काय म्हणते तू त्याले?”

“आपला काठ.”

ती दगडावर बसली. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. मग म्हणाली, “हे पुस्तकात नाही.”

“पुस्तक काय आपल्या घरी राहून गेलं होतं?” मी म्हटलं.

“तू बोलली काहून नाही?”

“कोणत्या तोंडानं? बोलायचं तर नाव घ्या लागते.”

“मले तर सांगायचं.”

“तुम्ही लिहून घेतलं असतं.”

हे तिला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते.

दुपारी मामाजी जेवायला बसले तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी चुलीशी होते, मला सगळं दिसत होतं. ती म्हणाली, “बाबा, वहिनीचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.” आणि तिनं कारण सांगितलं. ती भावाचं नाव सरळ घेत होती, मला प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागत होती.

मामाजींनी घास खाली ठेवला. “घड्याळ खोटं होतं?”

“घड्याळ खरं. अकराच लागले. त्याचा अर्थ मी काढला तो खोटा.”

“अर्थ तुले कोणी शिकवला?”

“कॉलेजनं. पुस्तक विलायतेतलं आहे, बाबा. तिकडे बाया नवऱ्याले नावानं हाक मारतात. पुस्तकाले काय माहीत इथलं.”

“म्हणजे मी तीन वर्षांपासून तुझ्यापायी वस्तीचं बोलणं खाऊन राहिलो ते असल्या शिक्षणासाठी? घरातल्या सुनेवर आळ घ्यायले?”

“तसं नाही, बाबा. पुढे—”

“पुढचं ठेव. एक सांग. सून खरी का तुझं शिक्षण खरं? शिक्षण खरं असेल तर उद्या हिचा भाऊ येते, जाऊ दे हिले. सून खरी असेल तर ते कॉलेज आजपासून बंद. दोन्ही खरं मले नको सांगू.”

परीक्षेला एक महिना राहिला होता. तिच्या टेबलावर मागाच्या दाते पडलेल्या जुन्या फणीत खुणेचे कागद अडकवलेले होते, कोणत्या दिवशी कोणता भाग वाचायचा त्याचे. विचार करायला तिनं दोन दिवस मागितले असते तरी मी समजू शकले असते. तिचं सगळं त्यात होतं. खिडकी माझ्याकडे असताना ती अंधारात वाचत होती.

“सून,” वेणू म्हणाली.

घड्याळ तेव्हा पेटीत होतं. असतं तरी उपयोग नव्हता, मोजण्याइतका वेळ तिनं घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ आला, जेवला आणि एकटाच परत गेला. वेणूची पुस्तकं जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर गेली. मामाजींनी दुसरा रहाट माझ्या रहाटाशेजारी मांडला, खिडकीत. तिथं वेणू बसली. आता उजेडात आम्ही दोघी होतो. तिचं सूत सारखं तुटे, ती ते जोडताना माझ्या तोंडाकडे पाही. मी तिला कधी ‘उपकार झाले’ म्हटलं नाही. आळ तिनंच आणला होता, तिनंच काढला. तेव्हा मी हिशेब असाच केला होता.

काठ बाहेर कसा गेला ते पुढे कळलं. खाप्याच्या एका म्हाताऱ्या विणकरानं आमचं लुगडं लेकीच्या लग्नाला घेतलं, आणि त्याचं टोक उसवून धागे मोजले. विकलेलं लुगडं कोणीही वाचू शकतो, हे विणकराच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या शनिवारी आम्हां चौघांत ते कोणालाच आठवलं नाही. निदान असं सगळे म्हणाले. म्हाताऱ्याची गोष्ट नवऱ्यानं आणली होती, आणि नवऱ्याच्या गोष्टी मी पूर्ण कधी मानल्या नाहीत. त्याला मी एकदा विचारलं, “मी काहून अडकले ते तुम्हाले माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग?”

“मले वाटलं, तूच सांगशील.”

“मी? तुमचं नाव घेऊन?”

तो हसला. माणूस वाईट नव्हता. पण त्या खोलीत तो अंगठा पाहत राहिला, हे मी विसरले नाही आणि त्याला विसरू दिलं नाही.

वेणूचं लग्न कामठीच्या एका शाळामास्तराशी झालं. माणिकराव नाव. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी मामाजींच्या पेटीतून घड्याळ काढलं, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, “पहिले येते ते सांगा. पाणी.”

“नदी.” नदीकाठच्या कामठीची झाली होती.

“शाळा.”

“खडू.”

“माणिक.”

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. काटा फिरला. ती लाल झाली, मग हसायला लागली, पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. “चौदा,” मी म्हटलं. “माझ्याहून तीन जास्त. चोर तुम्हीच.”

“वहिनी, वहीत लिही,” ती म्हणाली.

वही तिनं माझ्याजवळ दिली होती. मी लिहिलं : वे. १४. त्या वहीत माझं अक्षर तेवढंच आहे.

कामठीत तिनं नवऱ्याच्या शाळेतल्या मुलींना घरी बसवून शिकवलं. मुलगी शब्दापाशी अडली की ती ओरडत नसे, आणि लगेच अर्थही काढत नसे. “थांबली तर थांबू द्यावं,” म्हणायची. “का थांबली ते तिच्या घरचं असते.” हे पुस्तकात नव्हतं. ते कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

लढाई संपली त्या साली तिला विषमज्वर झाला. मी कामठीला गेले. बोलणं कमी झालं होतं, पण नजर तीच, औषधाची वाटी सोडून माझ्या तोंडाकडे. म्हणाली, “वहिनी, एक शब्द सांग.”

माझ्या मनात पहिलं आलं ते मी म्हटलं. “खिडकी.”

“तुझी,” ती म्हणाली. लगेच.

तापात माणूस काहीही बोलतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण ते मागून आलेलं होतं.

चौथ्या दिवशी ती गेली. सत्तावीस वर्षांची होती. तिच्यानंतर दोन वर्षांनी मामाजी गेले, आणि पुढे नवरा. तो गेल्यावर सुना म्हणाल्या, आता नाव घ्यायला काय हरकत आहे. मी घेतलं नाही. चंद्रकोर हा शब्द वर लिहिला तो वेणूच्या तोंडचा आणि लोकांच्या तोंडचा म्हणून लिहिला, माझ्या तोंडून अजून निघालेला नाही.

त्या शनिवारी कडी लावलेल्या खोलीत आम्ही चौघं होतो. आता मी आहे.